पहिल्या नंबरचं घोसाळं

राष्ट्राचं भवितव्य परसबागेत आकार घेतं. असं शाळेच्या मागच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं होतं. स्वयंपाकीण आवडीने विळा घेऊन हात वर केला तेव्हा हे भवितव्य हातभर लांब, कोवळं आणि देठाशी दवाने ओलं होऊन मांडवाला लोंबत होतं.

"काकू, थांबा. हात लावू नका," वाल्मिक गुरुजी व्हरांड्यातून म्हणाले.

आवडीला वाटलं, साप आहे. श्रावणात वेलीवर हरणटोळ येऊन बसतो आणि पानात पान होऊन जातो. ती झटकन मागे सरली. गुरुजी चपला न घालताच चिखलातून आले, हातात मोबाइल. साप नव्हता. स्पर्धा होती.

तालुक्यातल्या शाळांच्या परसबागांमधून पहिला नंबर काढायचा होता. गुरुजींनी सकाळीच बागेचा फोटो वर पाठवला होता आणि फोटोत घोसाळी फार देखणी आली होती. आता समिती येणार, फोटो एका हातात धरणार आणि बाग तपासणार. फोटोत जे जे लटकतंय ते ते मांडवावर लटकलेलं दिसलं पाहिजे.

"मग आज पोरांना काय घालू?" आवडीने विचारलं.

"बटाटा टाका की खिचडीत. येतीलच ते, पंधरा ऑगस्टच्या आत."

आवडी विळा खाली ठेवून पत्र्याच्या शेडमध्ये गेली. कडावच्या पुढे, डोंगर सुरू होतो तिथे ही शाळा आहे आणि आवडी तिथे मुलांचं दुपारचं जेवण रांधते. तिचा स्वतःचा मुलगा पहिलीत होता तेव्हापासून रांधते. तो आता शेलूला नव्या बिल्डिंगीत राहतो आणि आईला फोनवर सांगतो की भाजी धुऊन खात जा. स्वयंपाकाबद्दल तिचं मत एकच आणि लहान आहे. तेल कमी, लसूण जास्त, आणि रोज ताटात काहीतरी हिरवं. हे मत तिने कुठे मांडलेलं नाही, कारण तिला कुणी विचारलेलं नाही.

बाग तिचीच. मुलं ताटं धुतात ते पाणी वाहून रस्त्यावर जायचं, ते तिने वळवलं. मांडवाला बांबू नवऱ्याने, दशरथने आणून दिले. घोसाळ्याचं बी मात्र कोंडीचं. कोंडी वरच्या कातकरवाडीतली, तिसरीतली, बोलायला धीट. जूनमध्ये ती मूठ घट्ट आवळून आली होती. मुठीत आजीने राखून ठेवलेलं काळं बी होतं. पण मूठ उघडण्याआधी तिने सौदा ठरवला. पहिली भाजी माझ्या ताटात.

आवडी हो म्हणाली होती. भाजी कशी करायची तेही मनात ठरलं होतं. थेंबभर तेल, ठेचलेला लसूण, दोन मिरच्या, भिजवलेली मूगडाळ. पाणी घालायचं नाही, घोसाळं आपल्याच पाण्यात शिजतं. वरून मूठभर ओलं खोबरं. एवढ्यावर पोरं भात मागून घेतात.

पंधरा ऑगस्टला समिती आली नाही, समितीला झेंडावंदन होतं. मग गणपती आले, आणि समिती आपापल्या गावी गेली. मग समितीचं प्रशिक्षण लागलं. विषय होता परसबाग. ते कर्जतला एका हॉलमध्ये झालं आणि जेवायला पनीर होतं, असं गुरुजींनीच सांगितलं.

मांडवाभोवती सुतळी बांधली गेली. "इथली भाजी तोडायची नसते," हे वाक्य गुरुजींनी प्रार्थनेनंतर मुलांकडून म्हणवून घेतलं. मुलं ते पाढ्यासारखं एका सुरात म्हणत. सुतळीच्या आत घोसाळी वाढत होती आणि सुतळीच्या बाहेर रोज पिवळी खिचडी होती, बटाट्याची.

भादव्यात वाडीवर घरातलं धान्य संपत आलेलं असतं आणि नवं भात अजून शेतात असतं. कितीतरी पोरं सकाळी कोरा चहा पिऊन डोंगर उतरतात. हे आवडीला माहीत होतं, गुरुजींना माहीत होतं. स्पर्धेत त्याला गुण नव्हते.

एक दिवस ती गुरुजींच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. वेळच्या वेळी तोडलं नाही तर वेल धरायचं थांबतो, असं म्हणाली.

गुरुजी चिडले नाहीत. उलट थकल्यासारखे हसले. "मला कळत नाही का काकू? माझ्या बापाने गेवराईला जन्मभर भाजीपालाच पिकवला. पण मागच्या साली काय झालं? फोटोत चार वांगी, झाडाला दोनच. साहेबांनी माझ्याकडून लेखी खुलासा घेतला."

"काय लिवलंत मग?"

"मुलांनी खाल्ली."

"मंग?"

"म्हणाले, हे कारण चालत नाही."

त्या संध्याकाळी आवडीने घरी भांडी जरा जोरातच आपटली. दशरथ रसायनीच्या एका कंपनीत कंत्राटावर आहे. दिवसभर कसल्या कसल्या पिंपांवर 'हात लावू नये' वाचून घरी येतो. तो म्हणाला, "सरकारी घोसाळं हाय गं ते. तोडशील तर जामीन नाय व्हायचा." आवडी हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती आपल्या परसदारातला लाल माठ, अळू, भेंडी पिशवीत घालून शाळेत नेऊ लागली. खिचडीत थोडं थोडं हिरवं दिसू लागलं. आठवड्याभरात परसदार बोडकं झालं आणि दशरथच्या ताटात बटाटा आला.

"शाळा तुजी नि उपास मला?" तो म्हणाला, पण जेवला.

गुरुजींनी ती पिशवी पाहिली होती. त्यानंतर ते शेडवरून जाताना दुसरीकडे बघत जाऊ लागले.

कोंडीने मात्र अळू खाताना ताट पुढे सरकवलं आणि सांगितलं, "मावशी, आजी बोलते, खायचं नाय तर बी परत द्या."

 कर्ज बुडवल्यासारखी आवडी चुलीकडे तोंड करून बसली.

आश्विन लागला तशी घोसाळी पिवळी पडली, मग तपकिरी झाली. वारा आला की आतलं बी खुळखुळायचं. शाळा सुटल्यावर एका दुपारी आवडी सुतळी ओलांडून आत गेली आणि एक फळ तिने दाबून पाहिलं. आत नुसता काथ्या. तिने विळा कमरेला खोचलेलाच होता, तो काढायचं आता कारण उरलं नव्हतं. गुरुजी पायरीवर बसून बघत होते. त्यांनी थांबवलं नाही.

"गुरुजी," ती म्हणाली, आवाज न चढवता, "पोरांच्या ताटातलं काडून तुमी फोटोला खायला घातलंत."

गुरुजींनी मान खाली घातली. म्हणाले, "मला बदली हवी आहे काकू. नंबर आला तर साहेब ऐकतील. बाप आता अंथरुणावर आहे, आई तिकडे एकटी त्याला उचलते." आणि एवढं बोलून तेच उठून गेले. आवडीला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखी राग आला. सरळ चोर असता तर बरं झालं असतं.

समिती दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर आली. पांढरी गाडी, त्यातून एक साहेब, एक मॅडम. साहेबांनी मोबाइल समोर धरून एकेक घोसाळं ताडून पाहिलं. सगळी जागच्या जागी होती.

"रंग बदललाय," साहेब म्हणाले.

"ऋतुमानानुसार, सर," गुरुजी म्हणाले.

साहेबांनी मान डोलावली. मॅडम मुलांकडे वळल्या आणि नेमक्या कोंडीपाशी वाकल्या. "बाळा, इथली भाजी आवडते ना?"

 आवडी पळी हातात धरून शेडच्या दारात उभी होती. पोरगी खरं बोलणार, हे तिला ठाऊक होतं, आणि आता या बाईला कळेल म्हणून तिला हायसं वाटलं.

"इथली भाजी तोडायची नसते," कोंडी म्हणाली.

मॅडमनी छातीला हात लावला. "ऐकलंत सर? किती शिस्त. वेलींवर केवढा जीव आहे या मुलांचा. याचे वेगळे गुण द्यायला हवेत."

"मॅडम, वेलीवर जीव हाय म्हणून नाय बोलली ती," आवडी दारातून म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडे वळून प्रेमाने पाहिलं. "तुम्ही पण छान काम करताय हं मावशी. फक्त स्वयंपाक करताना डोक्याला टोपी घालत जा."

गाडी गेली. कोंडीने आवडीकडे पाहिलं, खांदे उडवले आणि ताट घेऊन रांगेत उभी राहिली.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा पहिला नंबर आल्याचं कळलेलं होतं. ढाल आली. मांडवासमोर ढालीचा फोटो झाला. गुरुजींनी स्वतःच्या खिशातून पेढे आणले आणि मुलांना एकेक दिला. वाडीवरची अर्धी मुलं नव्हती. दिवाळी झाली की तिथली बिऱ्हाडं वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडाशी परततात. कोंडीही गेली होती, आजीसकट. साहेबांनी बदलीचं पुढच्या वर्षी बघू म्हणून सांगितलं होतं.

गुरुजींनी सुतळी सोडली. स्टुलावर चढून स्वतःच घोसाळी तोडली आणि शेडच्या दारात आणून ठेवली. "आता हरकत नाही," ते म्हणाले.

आवडीने एकेक घोसाळं आपटून बी काढलं, फडक्यात बांधलं आणि पुरचुंडी फळीवर कोंडीच्या ताटात ठेवली. मग ती टोपाकडे वळली. बटाट्याची खिचडी खाली लागली होती.

तिने तो पहिल्या नंबरच्या घोसाळ्याने घासला. टोप स्वच्छ निघाला.