बेचाळिसावं नाव

कोल्हापूरचं रॅप कुठं गेलं, हे मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं. पुण्याची पोरं विचारतात, मुंबईची विचारतात, परवा नागपूरचा एकजण फोनवर अर्धा तास तेच विचारत होता. जणू ते माझ्या दुकानातून चोरीला गेलंय आणि मी तक्रारच दिली नाही. त्यांचंही चुकत नाही म्हणा. चार-पाच वर्षांपूर्वी मराठी रॅप म्हटलं की कोल्हापूर, आणि कोल्हापूर म्हटलं की आमचं गादीचं दुकान, अशी परिस्थिती होती. मुंबईची पोरंसुद्धा गाण्यात 'न्हाय' आणि 'व्हय' घालायला लागली होती. ते इतकं विनोदी वाटायचं, की आपण जिंकलोय हे कळायलाच आम्हाला वेळ लागला.

दुकान अब्बांचं. पुढे कापूस पिंजायचं यंत्र, मागे एक खोली, आणि त्या खोलीत छतापर्यंत कापसाचे गठ्ठे आणि उभ्या करून ठेवलेल्या गाद्या. त्या खोलीत आवाज भिंतीला लागून परत येत नाही. लॉकडाऊनमध्ये आमच्या गल्लीतल्या कृष्णातने तिथं फोनवर एक गाणं रेकॉर्ड केलं. ऐकलं तर असं, की हजारो रुपयांच्या स्टुडिओत केलंय. मग मी माइक आणला, कॉम्प्युटरवर आवाज कापायला-जोडायला शिकले, आणि पोरांची रांग लागली. सगळ्यांच्या नाकात कापूस जायचा. रेकॉर्डिंग चालू असलं की अब्बा यंत्र बंद ठेवायचे आणि या बडबडीपायी लोकांची लग्नं गादीवाचून अडलीत म्हणून कुरकुरायचे.

गाणी तयार व्हायची मात्र गावाबाहेर, कळंब्यात. रविवारी संध्याकाळी तलावाच्या बांधावर दहा-बाराजण गोल करून उभे राहायचे, मोबाइलवर ठेका लावलेला, ज्याची पाळी तो मध्ये. तिथं एकच नियम होता आणि तो आमच्यात सगळ्यात चांगलं लिहिणाऱ्या प्रसेनजीतने घातलेला: नाव घ्यायचं नाही. स्वतःचं नाही, गावाचं नाही, पेठेचं नाही, तालमीचं नाही. सगळ्या जगात रॅप करणारा आधी स्वतःचंच नाव ओरडतो, आणि आमचे हे शहाणे बिननावाचे. कृष्णात पहिल्या दिवशी चिडलाच होता. इथं अनोळखी माणूस भेटला तरी आधी 'कुठलं पावणं' म्हणून विचारतात, आणि तेच सांगायचं नाही म्हणजे काय? प्रसेनजीत आवाज न चढवता म्हणाला, "नाव घेतलं की लोकं त्येवढंच ऐकत्यात. पुढचं कोण ऐकत न्हाय."

त्याचं आडनाव कांबळे. तो कोडोलीचा, बौद्ध वस्तीतला. आडनावावरून काय काय झालं हे त्याने कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही, पण त्या वाक्यामागचं कळायला फार डोकं लागत नव्हतं. माझं आडनाव नदाफ आहे. मला तर अजिबातच लागलं नाही.

आता नाव सांगायचं नाही म्हटल्यावर पोरांना काहीतरी सांगणं भाग पडलं. कुणी संपलेल्या सिलिंडरवर बोललं, कुणी आईच्या गुडघ्यांवर, कुणी उसाच्या ट्रॉलीखाली आलेल्या कुत्र्यावर. कळंब्याला कारागृह आहे. त्याच्या भिंतीकडे बघून प्रसेनजीतने एका संध्याकाळी म्हटलेल्या दोन ओळी मला अजून येतात:

*भिंतीच्या आत त्ये, भिंतीच्या भायेर आमी,*
*त्यास्नी सुटायची तारीख हाय, आमास्नी तीबी न्हाय.*

त्या ओळी लाखो लोकांनी ऐकल्या. ओरडणारा कोण, कुठला, हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून प्रत्येकाला त्या आपल्याच वाटल्या. आमचं सगळं बळ त्यात होतं. हे मला तेव्हा समजलं असतं तर मी कदाचित ते सांभाळलं असतं.

पहिलं नाव आलं ते संग्रामचं. कृष्णातच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा तो गोलकीपर. आमच्याकडे तालीम म्हणजे पेठेचं मंडळ, प्रत्येकाचा आपला संघ आहे आणि मॅच हरली की त्या पेठेत दोन दिवस कुणी धड जेवत नाही. संग्राम बावीस वर्षांचा होता. पन्हाळ्याच्या रस्त्यावर त्याची गाडी ट्रकखाली गेली. रविवारी कृष्णात कळंब्यात आला, गोलात उभा राहिला आणि काही म्हणूच शकला नाही. त्याला गाण्यात संग्रामचं नाव घ्यायचं होतं. सगळे प्रसेनजीतकडे बघायला लागले.

"मेलेल्याचं नाव न घ्यायला आपण काय दगड हाय व्हय?" प्रसेनजीत म्हणाला, आणि शेवटच्या चार ओळी त्यानेच लिहून दिल्या.

ते गाणं मैदानावर मॅचच्या आधी लावलं. नाव आलं तेव्हा समोरच्या पेठेची माणसंसुद्धा उठून उभी राहिली. मी रडले. त्या गाण्याबद्दल मला आजही काही पश्चात्ताप नाही, पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन.

पण पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या तालमीची माणसं दुकानात आली. त्यांनाही गाणं हवं होतं. त्यांचा गोलकीपर चांगला धडधाकट होता, पण हवं होतं. मग तिसरी तालीम आली. मग गोलकीपरबरोबर कॅप्टन, कॅप्टनबरोबर अध्यक्ष, अध्यक्षाचा वाढदिवस, वाढदिवसाचे शुभेच्छुक. चौकातल्या डिजिटल बोर्डावर उत्सवमूर्तीच्या खाली तीस चेहरे असतात ना, तसं गाणं व्हायला लागलं. ज्या पोराने एका तालमीची नावं घेतली तो दुसऱ्या तालमीच्या पोराशेजारी कळंब्यात उभा राहीना. भांडण कुणी केलं नाही. भांडण झालं असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं. फक्त दर रविवारी गोल लहान होत गेला.

आणि पोरांना तरी कुठल्या तोंडाने नावं ठेवू? ज्याला गल्लीत कुणी विचारत नव्हतं, त्याला मैदानावर स्टेज मिळत होतं, त्याची आई पहिल्या रांगेत बसत होती. कुणाला नको वाटेल?

ऐकणारे मात्र गेले. यूट्यूबवर एक आलेख दिसतो, लोक गाणं कुठपर्यंत ऐकतात आणि कुठं सोडतात याचा. आमच्या जुन्या गाण्यांची रेघ शेवटपर्यंत जवळपास सरळ जायची. नावांच्या गाण्यांची रेघ जिन्यासारखी उतरायला लागली. नाव आलं की एक पायरी, पुढचं नाव आलं की आणखी एक पायरी. म्हणजे जो तो स्वतःचं नाव येईपर्यंत थांबत होता आणि आलं की निघून जात होता. पुण्याच्या माणसाला तर आमच्या पेठेचे खजिनदार कोण याच्याशी काय देणंघेणं? तो पहिल्या पायरीलाच जायचा. कोल्हापूरचं रॅप गेलं ते असं.

पण मला जे लागलंय ते हे नाही.

दोन वर्षांपूर्वी कृष्णातच्या तालमीने कप जिंकला. गाणं करायचं ठरलं, आणि कृष्णातसाठी म्हणून प्रसेनजीतने ते लिहिलं. एक्केचाळीस नावं, सगळी आडनावांसकट, आणि त्या पठ्ठ्याने ती ठेक्यात अशी बसवली की यादी वाटू नये. एक्केचाळिसावं नाव मळक्या जर्सी धुणाऱ्या माणसाचं होतं. ते त्याने आग्रहाने घातलं. गायला कृष्णात. सगळी नावं संपल्यावर, कुणाला न विचारता, कृष्णात माइकमध्ये म्हणाला: लिहिणारा प्रसेनजीत कांबळे. प्रसेनजीत गादीला टेकून बसला होता. त्याने मान खाली घातली, पण हसतोय हे दिसत होतं.

"नियम मोडला की रं तुझा," मी म्हटलं.

"मोडला तर मोडला," तो म्हणाला.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी तालमीचे अध्यक्ष धैर्यशील यांचा फोन आला. गाणं लांबतंय, पोरं एवढा वेळ एका गाण्यावर नाचत नाहीत, शेवटचं नाव काढून टाक. मी काढलं. साडेचार मिनिटांच्या गाण्यातले तीन सेकंद. शेवटचं म्हणून काढायचं की कांबळे म्हणून, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित उत्तर मिळालं असतं, आणि मग मला काहीतरी करावं लागलं असतं. मी मनाशी म्हटलं, प्रसेन आपलाच आहे, त्याला नावाचं काय?

दुसऱ्या दिवशी तो आईला, आक्काताईंना, कोडोलीहून घेऊन आला होता. मिरवणुकीच्या कडेला दोघं उभी होती आणि त्याने रेकॉर्डिंगसाठी फोन वर धरला होता. जर्सी धुणाऱ्याचं नाव आलं आणि गाणं संपलं. लगेच दुसरं लागलं. त्याचा हात तरीही बराच वेळ वरच होता. आक्काताईंनी त्याला काहीतरी विचारलं, त्याने काहीतरी सांगितलं आणि दोघं गर्दीतून निघून गेली. त्यानंतर तो कळंब्याला आला नाही, दुकानात आला नाही. तो येईना म्हटल्यावर उरलेल्या चौघांनीही रविवार सोडला.

गेल्या महिन्यात धैर्यशील नवी यादी घेऊन आले. छप्पन्न नावं. लिहायला प्रसेनजीतच पाहिजे, त्याच्यासारखं कुणाला जमत नाही, म्हणाले. माझं डोकं फिरलं. दोन वर्षं पोटात ठेवलेलं सगळं मी त्यांच्या तोंडावर फेकलं, आक्काताईंसकट. ते मोठ्याने बोलणारे गृहस्थ, पण खाली गादीवर बसले. "खरंच लांबत हुतं गं," एवढंच म्हणाले. ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. तिथं दुसरं एखादं आडनाव असतं तर लांबलं असतं का, हा प्रश्न त्यांनाही तेव्हाच पडला असावा. कारण त्यांनी यादीची घडी घातली आणि चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी मी कोडोलीला गेले. प्रसेनजीत तिथं रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. टेबलावर रक्ताच्या नळ्या आणि तो एकेका नळीवर नावाची चिठ्ठी चिकटवत होता. मला बघून त्याने खुर्ची पुसून दिली. मी बसले नाही. बसले असते तर हवापाण्याच्या गप्पा झाल्या असत्या.

"तुझं नाव मी काढलं. माझ्या हातानं," मी म्हटलं.

त्याचा हात थांबला. "मला वाटलं कृष्णातनं काढलं. दोन वर्सं बोललो न्हाय मी त्येच्यासंगं."

मला जमीन फाटून आत घ्यावं असं झालं. कृष्णातला तर काही पत्ताच नव्हता. आपलं काय चुकलं हे त्यालाही कळलं नव्हतं. मी फोनचं सांगितलं, तीन सेकंदांचं सांगितलं.

त्याने शांतपणे विचारलं, "शेवटचं म्हणून काढलं, का कांबळे म्हणून?"

"इचारलं न्हाय मी."

"त्येच लागलं बघा, आपा," तो म्हणाला. "नाव न घेणं आपला नेम हुता. एक्केचाळीस जणांचं घेऊन एकाचं गाळणं, ह्यो कुठला नेम?"

मी माफी मागितली. एक म्हातारे गृहस्थ हात पुढे करून आले, तसा तो त्यांच्याकडे वळला. मी परतीच्या एसटीत बसून कृष्णातला फोन केला आणि त्यालाही सगळं सांगितलं. त्याने मला ज्या शिव्या दिल्या त्या मी मुकाट ऐकून घेतल्या, माझ्या हक्काच्या होत्या.

शुक्रवारी दुपारी दुकानाच्या पायरीवर प्रसेनजीत आणि कृष्णात दोघेही उभे होते. अब्बांनी न सांगता यंत्र बंद केलं. प्रसेनजीत कापसाच्या खोलीत गेला, कानाला हेडफोन लावले आणि ठेका सुरू झाल्यावर माइक तोंडाजवळ ओढला. मग म्हणाला:

"प्रसेनजीत आक्काताई कांबळे, कोडोली. आता पुढचं ऐकत्यात का बघू."

आणि पुढे तो तीन मिनिटं बोलला. मिरवणुकीच्या कडेला उभ्या राहिलेल्या एका बाईबद्दल. दारापाशी कृष्णात भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी त्यातला एक शब्दही कापला नाही, श्वाससुद्धा नाही.

या एका गाण्याने कोल्हापूरचं रॅप परत आलं, असं सांगायला मला आवडलं असतं. आठ दिवसांत तीनशे चाळीस लोकांनी ते ऐकलं. पूर्वी एवढे लोक आमच्या गाण्याखाली नुसत्या शिव्या घालायचे. नवव्या दिवशी प्रसेनजीतचा फोन आला. किती जणांनी ऐकलं हे त्याने विचारलंच नाही.

"नावापाशी किती गेले, आपा?"

आलेख माझ्या समोरच होता. पहिल्या काही सेकंदांत एक पायरी, मग सरळ रेघ. खोटं सांगावं असं मनात येऊन गेलं.

"शंभरातले अठरा."

"आन् बाकीचे?"

"बाकीचे शेवटपातूर हाईत."

लॅबमध्ये कुणीतरी आलं असावं. जरा थांबा, म्हणाला आणि त्याने फोन टेबलावर ठेवला. मी कानाला लावून थांबले. पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग त्याचा, नेहमीपेक्षा जरा मोठा:

"बसा मावशी. पूर्ण नाव सांगा."