उपयोगी आणि खरं

“कुलूप बाहेरून आहे, दीपमाला. तुला आत ये म्हणायचीही सोय नाही,” जाळीच्या दारामागून सरोजिनीबाई म्हणाल्या.

जिने चढून दीपमालाला धाप लागली होती. बाईंचा फोन येताच ती बँकेतून तशीच निघाली होती. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या एका गटात दोघी जात; दीपमाला तिथं जुनी. बाईंना सांभाळायचं तिच्याकडे होतं.

“आमोदनं लावलं?”

“हो. सुनेला घेऊन कात्रजला गेलाय, व्याह्यांकडे. परवा गटाच्या मीटिंगला म्हणून निघाले आणि पिऊन आले. आता मीटिंगवरचाही त्याचा विश्वास उडालाय. माझ्यावरचा आधीच उडाला होता.” बाईंनी मूठ उघडली. नातीच्या केकसाठी आणलेली इसेन्सची बाटली. “यात अल्कोहोल असतं. झाकण अजून काढलं नाही.”

“द्या इकडे.”

मूठ मिटली.

बाई कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. नवरा गेल्यावर संध्याकाळी घोटभर घेऊ लागल्या, ती सवय सकाळपर्यंत पसरली. गटात सगळे आपल्याहून मोठ्या शक्तीच्या हवाली होत. बाईंचं घोडं तिथंच अडे.

“ज्याला जसा कळेल तसा देव, असं सांगता तुम्ही. ते कुठून आलंय, मला ठाऊक आहे. जी श्रद्धा कामाला येते ती खरी, असं म्हणणारे विचारवंत होऊन गेले अमेरिकेत. मी ते शिकवलं. ते कुठं चुकतं, तेही शिकवलं. उपयोगी वेगळं आणि खरं वेगळं. एवढं कळल्यावर हात कसे जोडायचे?”

“मला नाही परवडत तो फरक,” दीपमाला म्हणाली.

“मला परवडतो, असं वाटत होतं.”

दीपमालानं पायरीवर बसकण मारली. “देव राहू द्या. तुमच्याहून मोठं काही आहे, एवढं तरी पटतं?”

“आहे की. सध्या आमोद.”

दीपमाला हसली नाही. बाई भिंतीला टेकत खाली बसल्या. मग म्हणाल्या, “तू गेलीस की मी ही पिणार. मला थांबता येत नाही.”

“मी बसलेय.”

“तू देव नाहीस.”

“नाही. पण बसलेय.”

बाईंनी जाळीच्या गजांमधून हात बाहेर काढला. बोटं मात्र उघडेनात. दीपमालानं ती एकेक करून सोडवली आणि बाटली पर्समध्ये टाकली. बाईंनी हात मागे घेतला नाही.

ऊन कलल्यावर आमोद आला. मागे त्याची बायको अपूर्वा, तिच्या कडेवर झोपलेली लेक. दीपमालानं उठून ओळख सांगितली. त्यानं मान हलवली, कुलूप काढलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, “आई, श्वास सोड.”

अपूर्वा जिन्याकडे बघू लागली. दीपमाला काही बोलणार, तेवढ्यात बाईंनी तिला नजरेनंच थांबवलं. आमोद उंच होता, आणि तो वाकला नाही. सरोजिनीबाईंनी चष्मा काढून हातात धरला, दाराच्या चौकटीला धरून टाचा उचलल्या आणि मुलाच्या तोंडासमोर छातीतला सगळा श्वास सावकाश सोडला.