चढती पिंपळी

कमळाकरचा टायफॉईड गेला, पण जाताना निम्मा कमळाकर घेऊन गेला. अर्धा हंडा उचलला तरी हात लटलट कापायचे. जिना चढला की मधल्या पायरीवर बसायचा आणि वर उगाचच चप्पल झटकायचा, कुणाला कळू नये म्हणून.

समृद्धीला कळायचं. त्याची सोळा वर्षांची पोर, डोळा घारीचा आणि डोकं कायम तव्यावर. नववीत बाई सगळ्या वर्गासमोर तिच्या दप्तराला मासळीचा वास येतो म्हणाल्या, तेव्हा दप्तर तिथंच टाकून ती पनवेलच्या कोळीवाड्यात घरी आली, ती परत गेलीच नाही.

त्या दिवशी गुरुदत्त नाखवा दारातूनच बोलला. होडी त्याची, त्यामुळे शब्दही त्याचाच.

"कमळ्या, जाळ्याची दोरी ओढाया चार मानसं लागतात. साडेतीन नाय चालत. नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी होडी निघंल. उभा रायलास तर जागा तुजी. नायतर प्रितेशला घेतो. आन एकदा घेतला का आख्खा सीझन तोच."

पुनवेला एकवीस दिवस होते. समृद्धीने बापाला रिक्षात घातलं आणि गावातल्या नीताबाई वैद्यांकडे नेलं.

बाईंनी नाडी बघितली, जीभ बघितली, मग डब्यातून काळपट, खडबडीत, बोटाच्या पेराएवढ्या पिंपळ्या काढल्या. "उद्या सकाळी एक, दुधात उकळून. परवा दोन. रोज एक चढवायची, दहापर्यंत. मग रोज एक उतरवत परत एकावर यायचं. एकोणीस दिवस. तोवर दूधभात. मासळी बंद."

"मासळी बंद?" कमळाकर उठायलाच लागला. "बाई, त्यापरीस टायफॉईड बरा व्हता!"

"आन नुसत्या मसाल्याच्या शेंगांनी काय व्हनार?" समृद्धी म्हणाली. "इंजेक्शन द्या की ताकदीचं."

"ह्याला रसायन म्हणतात."

"टँकरवर लिवलेलं असतं ते?"

बाई हसल्या. "आमचा शब्द टँकरपेक्षा जुना आहे. ताप मारायचा, दुखणं थांबवायचं, ती औषधं निराळी. रसायन कुणाला मारत नाही. खाल्लेलं अंगी लागायला लावतं. आधी रस, मग रक्त, मग मांस, मग हाड, असा माणूस हळूहळू पुन्हा भरत जातो. आज दिलं आणि उद्या दिसलं, तर ते रसायन नव्हे."

समृद्धीने मनात हिशोब केला. पुनवेच्या दोन दिवस आधी संपतंय. जमतंय.

पहिल्या दिवशी एक. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी तीन, आणि बाप होता तसाच. चौथ्या दिवशी सकाळी ती पाण्याला गेली, तर प्रितेश बंदरावर होडीचा दोर खांद्यावर घेऊन ओढायची प्रॅक्टिस करत होता. वर दात काढून म्हणाला, "काय गं, तुजा बाप दूध पितो म्हनं! बाटलीनं का वाटीनं?"

तिने हंडा तिथंच आपटला. घरी आली आणि चारच्या जागी दहा पिंपळ्या दुधात टाकल्या.

दुपारपर्यंत कमळाकरच्या छातीत आग पेटली. जे पोटात होतं ते सगळं मोरीत गेलं. ती त्याची पाठ चोळत होती, आणि तो ओकता ओकता मान वर करून म्हणाला, "समे, भरती कदी मागनं ढकलून लवकर येते का गं?"

ती तडक नीताबाईंकडे गेली आणि स्वतःच सांगितलं, "मी दहा दिल्या."

बाई रागावल्या नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं. "तीन दिवस काही नको. नुसती पेज. मग पुन्हा एकपासून."

"चारपासनं नाय चालनार?"

"नाही."

पुन्हा एकपासून. या वेळी तिने भिंतीवर कोळशाने रेघा ओढल्या. रोज एक. रोज तीच पातेलं धरून उभी राहायची. आई बाजारात मासळी विकून घरी यायची आणि बाहेरच हात धुवायची, बापाला वास लागू नये म्हणून. दहाव्या रेघेला कमळाकर जिना न थांबता चढला. अकराव्याला दुसरी वाटी भात मागितला. प्रितेश समोरून गेला तर समृद्धीने नुसतं बघितलं.

नारळी पूनव चौदाव्या रेघेला आली. नारळ वाहून झाला तसा कमळाकरने हाताची मूठ दोनतीनदा आवळली. "मी जातो उद्या. हाय ताकद."

"अजून पाच रेघा हायेत."

"समे, जागा जाईल!"

"नाय जात."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती ओढणी कमरेला बांधून होडीपाशी उभी राहिली. गुरुदत्तने तिच्या मागे बघितलं. "बाप कुठं?"

"पाच दिस त्याच्या जागेवर मी. सहाव्या दिशी तो."

प्रितेश खो खो हसला. "बाई मानूस होडीवर?"

"खाडीत आमची आई कंबरभर पान्यात जाळी ओढते, तवा तू कुनाचं दूध पीत व्हतास?"

बाकीचे दोघे फिसकन हसले. गुरुदत्त हसला नाही. "दोर सोडलास तर?"

"तर प्रितेशला घ्या. आख्खा सीझन. मी तोंड नाय उघडनार."

त्याने बराच वेळ तिच्या हातांकडे बघितलं. मग दोराचं टोक तिच्याकडे फेकलं.

नांगर वर घेताना पहिल्या ओढीलाच तळवा सोलला. तिला एका हिसक्यात सगळं वर घ्यायचं होतं, तसं अंग पुढे झालंच. मग तिने दात आवळले, श्वास सोडला, आणि इतरांच्या बरोबरीने एक हात दोर घेतला. मग अजून एक हात.

धक्क्यावर कमळाकर दुधाचा पेला घेऊन उभा होता. आज पिंपळ्या पाच होत्या.