संयमाचा ठराव

आमच्या मंडळाने इंग्लंडमधल्या एका माणसाला तीन वर्षांची मुदत दिली. ठराव एकमताने मंजूर झाला. त्या माणसाला याची काहीच कल्पना नव्हती, पण ठरावाला त्याने फरक पडत नाही.

मंडळ म्हणजे द्वारका मराठी फुटबॉलप्रेमी मंडळ. दिल्लीत मराठी माणूस एकटा असला तरी स्वतःची कार्यकारिणी नेमतो. आम्ही तर वीसेक जण होतो. त्यामुळे अध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार, घटना, सगळं होतं. शनिवारी क्लबहाउसमध्ये प्रोजेक्टर लावून इंग्लंडमधल्या एका क्लबच्या मॅच बघायच्या, हा मुख्य उद्देश. क्लबचं नाव सांगत नाही. सांगितलं की निम्मे वाचक इथेच उठून जातील आणि उरलेले निम्मे मला यार म्हणायला लागतील.

त्या वर्षी क्लबचा जुना मॅनेजर निवृत्त झाला आणि नवा आला. नवा आल्या आल्या हरायला लागला. लोक शिव्या द्यायला लागले, तेव्हा अध्यक्ष पद्माकरकाका उभे राहिले.

"आपण पटापट माणसं बदलणाऱ्यांतले नाही," काका म्हणाले. दिवाळीपासून त्यांच्या घरी तिसरी पोळीवाली चालू होती. "माणसाला वेळ द्यावा लागतो. रोप लावलं की दुसऱ्या दिवशी आंबे मागायचे का?"

टाळ्या पडल्या. सचिव अविनाश सबनीसने ठराव लिहिला, त्याचं इंग्रजी केलं आणि क्लबला मेल टाकली. दोन मिनिटांत उत्तर आलं: आपली मेल मिळाली, आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. काकांनी त्याची प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावली. "दोन मिनिटांत! आपल्या डीडीएच्या सरकारी ऑफिसातून दोन वर्षांत तरी येतं का उत्तर?"

आता मंडळाची स्वतःचीही एक टीम होती. द्वारकेतल्या सोसायट्यांच्या रविवारच्या लीगमध्ये आम्ही खेळायचो. टीममध्ये मी लेफ्ट बॅक, म्हणजे मॅचमधला जास्तीत जास्त वेळ समोरच्या टीमच्या खेळाडूंच्या पाठी बघणारा. कार्यकारिणीतले काका लोक राखीव खेळाडू. त्यांच्यातल्या तिघांच्या जर्सीवर दहा नंबर होता, कारण कोणीच माघार घेतली नाही.

आणि आमची कोच होती श्रावस्ती रामटेके. वय चोवीस. गाझियाबादेतल्या वैशालीहून मेट्रोची ब्लू लाइन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत संपवून ती यायची. कोचिंगचा पहिला कोर्स तिने केला होता. पुढच्या कोर्सला प्रवेश हवा तर एका टीमबरोबर अख्खा सीझन काढलेला असावा लागतो. मुलगी म्हणून तिला दुसरी टीम कोणी देत नव्हतं. आम्हाला दुसरा कोच कोणी देत नव्हतं. असं ते जुळलं.

पहिल्या दिवशी काकांनी तिला विचारलं, "रामटेके म्हणजे नागपूरकडचे का? अच्छा, अच्छा."

"हो काका. संत्रीपण तिकडचीच."

मग तिने आम्हाला मैदानाला चार चकरा मारायला लावल्या. दुसऱ्या चकरेला अर्धी टीम झाडाखाली होती. "सीझनभर तर नीट पळायलाच शिकवावं लागते तुम्हाला," ती म्हणाली. "बॉलचं मग पाहू."

हे लोकांना लागलं. ज्यांनी आयुष्यात पाचशे मॅच बघितल्यात त्यांना ही पळायला शिकवणार? सबनीस रोज ग्रुपवर बाणांनी भरलेली आकृती टाकायचा. तिच्यात आमची टीम चौदा जणांची असायची.

पहिली मॅच सहा-शून्यने हरलो. दुसरी पाच-एकने, आणि तो एक त्यांनीच त्यांच्या गोलमध्ये मारला होता. तिसऱ्या मॅचच्या आदल्या दिवशी नोटीस निघाली: तातडीची सभा, उद्या हाफटाइमला, मैदानावर आपल्या बाकाजवळ. विषय एकच. कोच बदलणे.

नवा उमेदवार तयार होता. सबनीसचा साडू. तो चार वर्षं जर्मनीत राहिला होता.

"खेळायचा का तिथे?" मी विचारलं.

"वॉशिंग मशीनचं सॉफ्टवेअर लिहायचा," सबनीस म्हणाला. "पण वातावरण असतं ना यार तिथे."

हाफटाइमला आम्ही दोन गोलने मागे होतो. माझ्या मते ही प्रगती होती, पण माझं मत कोणी मागितलं नव्हतं. श्रावस्ती पाण्याच्या बाटल्या वाटत होती. काकांनी तिला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल असं.

"बेटा, मनाला लावून घेऊ नकोस. फुटबॉल हा रिझल्टचा खेळ आहे."

"काका, पाचच मॅच राहिल्यात. सीझन पूर्ण झाला नाही तर मला कोर्सला घेणार नाहीत. अख्खं वर्ष जाईल माझं. सीझन संपू द्या, मग खुशाल काढा."

"आमचाही संयम बघ ना तू! आज तिसरी मॅच आहे."

मी म्हणालो, "काका, इंग्लंडवाल्याला आपण तीन वर्षं दिलीत."

"अनिश, त्याची गोष्ट वेगळी. त्याच्यावर किती प्रेशर आहे माहितेय?"

सभा सुरू झाली. सहसचिव रसिकाने डोकी मोजली. ती मंडळातली एकमेव बाई. म्हणून कामं तिच्याकडे आणि भाषणं बाकीच्यांकडे होती. गणपूर्तीला नऊ जण लागतात, भरले आठ, कारण बाकीचे झाडाखाली आडवे झाले होते. नववे खजिनदार समोसे आणायला गेले होते. मग काकांनी प्रत्येक मराठी मंडळाच्या प्रत्येक नोटिशीवर छापलेलं असतं ते म्हणून दाखवलं: गणपूर्तीअभावी सभा तहकूब, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरेल, तेव्हा गणपूर्तीचं बंधन राहणार नाही.

"म्हणजे साडेपाचला," काका श्रावस्तीला म्हणाले. "तोपर्यंत तू कोच आहेस. बिल्कुल मोकळेपणाने काम कर."

तिने मोकळेपणाने केलं. बाकाकडे बघून म्हणाली, "काका, बूट घाला. सबनीसकाका, तुम्हीपण. दहा नंबरवाले सगळे आत."

लीगमध्ये कितीही बदली खेळाडू घेता येत. बाहेर आम्ही चार तरुण आलो, आत कार्यकारिणी गेली. नाही म्हणणं शक्यच नव्हतं. तीन आठवडे ही मंडळी तिला एकेकटी गाठून 'मला एकदा ट्राय करून तर बघ' म्हणत होती. खजिनदार समोसे घेऊन परतले, तर तिने समोसे माझ्याकडे दिले आणि त्यांना राइट विंगला पाठवलं.

साडेपाच वाजले. काका तेव्हा सेंटर बॅक होते, गुडघ्यांवर हात ठेवून. त्यांनी घड्याळ बघितलं आणि तिथूनच ओरडले, "सभा सुरू!"

"तुमचा माणूस मोकळा आहे, काका!" श्रावस्ती ओरडली.

रसिकाने बाकावर बसून पेन उघडलं. "साडेपाच झाले. त्याच जागी सभा सुरू. अध्यक्ष गैरहजर."

"ते काय, समोर पळतायत," मी म्हणालो.

"पळत नाहीयेत. आणि त्या जागी नाहीत."

घटनेप्रमाणे हजर सभासदांनी आपल्यातला अध्यक्ष निवडायचा असतो. आम्ही बाहेर आलेल्यांतल्या सिद्धांतला निवडलं, कारण त्याच्या पोटरीत गोळा आला होता आणि तो तसाही उठू शकत नव्हता. रसिकाने सूचना मांडली, मी अनुमोदन दिलं. मजकूर इंग्लंडचाच. फक्त मॅनेजरच्या जागी कोच केलं आणि त्याचं नाव खोडून तिचं लिहिलं: मंडळ कोचवर पूर्ण विश्वास व्यक्त करते व त्यांना तीन वर्षांची मुदत देते. रोप आणि आंबे तसेच ठेवले. हात वर झाले. मंजूर.

ते वर झालेले हात काकांनी मैदानातून बघितले. आणि मग आमच्या टीमची त्या सीझनमधली सर्वांत वेगवान धाव झाली. काका चेंडू, माणूस, गोल, सगळं सोडून बाकाकडे धावत आले. त्यांनी सोडलेल्या माणसाने सावकाश जाऊन गोल केला.

"ही सभा बेकायदेशीर आहे!"

"तहकूब तुम्हीच केलीत, काका," रसिका म्हणाली. "घटनापण तुम्हीच लिहिलीय."

आमच्या मंडळात माणूस मोडला तर चालतो, घटना मोडलेली चालत नाही. काकांनी एक समोसा घेतला आणि परत सेंटर बॅकला जाऊन उभे राहिले. ती मॅच पाच-शून्यने हरलो.

पुढे तीन हरलो, पण कमी कमी गोलने. मग एक चक्क बरोबरीत सुटली आणि शेवटची एक-शून्यने जिंकली. तोवर आम्ही चार चकरा सलग मारत होतो. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या क्लबने आपल्या मॅनेजरला सीझन संपायच्या आधीच हाकललं. मंडळाने तातडीने सभा घेऊन क्लबचं अभिनंदन केलं. हे आधीच करायला हवं होतं, असं काका म्हणाले. बोर्डावरची मेल तिथेच राहिली. तिच्यावर गणपतीच्या वर्गणीची नोटीस लागली.

श्रावस्तीला कोर्सला प्रवेश मिळाला. ही बातमी कळताच मंडळाने तिचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, ढोकळा. काका माइकवर आले. माइकची गरज नव्हती.

"आज जगात संयम उरलाय कुठे? चार मॅच हरले की माणूस बाहेर! पण आमचं मंडळ या मुलीच्या पाठीशी ठाम उभं राहिलं. लोक म्हणत होते, काढा. कोण लोक, ते मी सांगणार नाही."

सबनीसने जोरात मान हलवली. तोही सांगणार नव्हता.

"आणि म्हणून," काका तिच्याकडे वळले, "बेटा, तुझी अजून दोन वर्षं आहेत आमच्याकडे. कोर्सबिर्स नंतर बघू. ठराव आहे तसा. एकमताचा."

हॉलमध्ये टाळ्या झाल्या. श्रावस्तीने शाल घडी करून पिशवीत ठेवली. नारळ वाजवून बघितला.

"काका, ठराव तुमच्या संयमाचा होता," ती म्हणाली. "माझ्या संयमाचा कोणी मांडला नव्हता."

आणि ढोकळ्यासाठी न थांबता ती मेट्रोकडे निघाली. वैशाली लांब होती. काकांनी माइक न सोडताच रसिकाला विचारलं, सभेसाठी हॉलमध्ये नऊ जण भरतायत का.