शेवटच्या हाताला पंखा बंद

घोडपदेवच्या त्या गल्लीत सिल्वेस्टरचं गॅरेज कुठे, हे कुणाला विचारावं लागत नसे. एक्झॉस्टच्या पंख्याची घरघर नाक्यापर्यंत ऐकू यायची आणि वरच्या चाळीतल्या बायका तिला येता-जाता शिव्या घालायच्या. प्रिसिलाला मात्र ती ऐकली की बरं वाटायचं. पंखा चालू आहे म्हणजे रंगाच्या खोलीतलं विष बाहेर जातंय, एवढा साधा हिशेब. म्हणून त्या दुपारी कॉटन ग्रीनहून नवे फिल्टर घेऊन ती नाक्यावर टॅक्सीतून उतरली आणि गल्ली गप्प लागली, तेव्हा सुटे पैसे घ्यायलाही ती थांबली नाही.

सिल्वेस्टर हा तिचा बाप. माथारपाखाडीतला, जुन्या मुंबईतल्या ख्रिस्ती घरातला माणूस, आणि रंगाच्या बाबतीत नाकावर माशी बसू न देणारा. उभी हयात त्याने तोंडाला नुसता रुमाल बांधून गाड्या रंगवल्या. मग छाती भरायला लागली. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, रंग कडक व्हायला त्यात जे हार्डनर घालता त्याच्याशी तुमच्या फुप्फुसांचं आता कायमचं वैर झालंय. जास्त गेलं की कमी, हा प्रश्नच उरला नाही. थोडासा फवारा आत गेला तरी श्वासनळ्या मिटतील, आणि पुन्हा उघडतीलच याची खात्री नाही.

तेव्हा प्रिसिलाने ऑफिसची नोकरी सोडली आणि गॅरेज हातात घेतलं. रंगासाठी काचेचं बंद बूथ बांधलं, मोठा पंखा बसवला, कॉम्प्रेसरच्या नळीतून स्वच्छ हवा देणारा, डोक्यावरून घालायचा एक हूड आणला. सिल्वेस्टर बाहेर खुर्ची टाकून बसायचा, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा आणि माहेर तुटलेल्या बाईसारखा त्या बूथकडे बघत राहायचा.

या धंद्यात एक जुनी रीत आहे. शेवटचा हात, म्हणजे गाडीला चकाकी आणणारा क्लिअरचा थर मारताना पंखा बंद करायचा. जमिनीवर पाणी शिंपडायचं, दार लावायचं, वारा म्हणून हलू द्यायचा नाही. पंखा चालू असला की बाहेरची धूळ आत ओढली जाते आणि ओल्या थरावर रव्यासारखे दाणे बसतात. गाडीच्या दृष्टीने रीत अगदी शहाणपणाची. हार्डनर सगळ्यात जास्त उडतं ते नेमकं याच वेळी, आणि त्याला बाहेर जायची वाट याच वेळी बंद करायची, हे मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही. आलं तरी चकाकीपुढे टिकत नाही.

प्रिसिलाने ही रीत मोडली होती. निदान तिचा तसा समज होता. गेल्या आठवड्यात एका काळ्या गाडीच्या वेळी ती स्वतः पंख्याच्या बोर्डापाशी उभी राहिली आणि पंखा चालू ठेवून रघुवीरकडून शेवटचा हात मारून घेतला. रघुवीर म्हणजे सिल्वेस्टरच्या हाताखाली शिकलेला, आता केस पिकलेला पेंटर. प्रिसिलाला त्याने लहानपणापासून खांद्यावर खेळवलेलं. बॉनेटवर दाणे आले. गाडीच्या मालकाने त्यावरून बोट फिरवलं, तोंड वाकडं केलं आणि गाडी तिथेच टाकून गेला. दोष धूळ अडवणाऱ्या फाटक्या फिल्टरचा होता, म्हणून तर ती नवे आणायला गेली होती. पण बापाला कुठला दम निघतोय?

ती जवळजवळ धावतच गॅरेजात शिरली. कॉम्प्रेसर धडधडत होता. बूथच्या दाराशी रघुवीर उभा होता, आणि ती दिसताच त्याचा चेहरा पडला.

"काका, पंखा का बंद आहे?"

"बाय, तू एवढ्यात आलीस?"

"डॅडी कुठाय?"

रघुवीर बाजूला सरकला. काचेपलीकडे पांढरं धुकं कोंडलं होतं आणि त्यात रुमाल बांधलेला सिल्वेस्टर काळ्या बॉनेटवरून रंगाची गन फिरवत होता. मोठ्या तब्येतीत, हात जरासुद्धा न कापता. हा माणूस जिवावर उदार झाला होता आणि खुशीत होता. प्रिसिलाला रडावं की त्याला शिव्या द्याव्यात ते कळेना.

"मी नको बोललो," रघुवीर पुटपुटला. "उस्ताद बोलले, तू मारलंस तर पोरगी तुला बोलेल. मला नाय बोलणार. एकच हात, बोलले."

तिने दार ओढलं. आतून कडी होती. तिने काचेवर थापा मारल्या. सिल्वेस्टरने मान वळवली, तिला पाहिलं आणि हाताने खूण केली, थांब, झालंच. तो हात तसाच हवेत राहिला. मग छातीवर गेला. गन खाली पडली. त्याने रुमाल ओढून काढला, तोंड उघडलं, खांदे वर गेले, आणि आत काही जात नव्हतं हे बाहेरूनही दिसत होतं.

"पंखा लाव," ती ओरडली.

"पंख्याचं किटकॅट उस्तादांच्या खिशात आहे. कोणी चालू करू नये म्हणून फ्यूज काढून घेतला त्यांनी."

"मग लाईटचा काढ. तो पंख्याला लाव."

रघुवीरचा हात बोर्डावर गेला. त्याने बघितलंही नाही. एक किटकॅट उपसलं, दुसऱ्या खोबणीत दाबलं; अंगवळणी पडलेलं काम करावं तसं. गॅरेजात अंधार झाला आणि पंखा घरघरला. प्रिसिलाच्या मनात काहीतरी खटकलं, पण तेव्हा विचार करायला वेळ कुणाला होता?

तिने खुंटीवरचा हूड ओढून डोक्यात घातला. समोरचं काही दिसेना. काच पुसली, तरी दिसेना. बोटांना एक सुटं टोक लागलं आणि तिने ते ओढलं. हूड दुकानातून आला तेव्हाची प्लास्टिकची धुरकट पापडी अजून काचेवर होती. एवढ्या दिवसांत ती कुणी काढलीच नव्हती.

तिची नळी जोडून होईपर्यंत रघुवीरने हातोडीने काच फोडली, हात घालून कडी काढली आणि तो तसाच आत घुसला, उघड्या तोंडाने. हुडातून ती ओरडली ते त्याला ऐकू गेलं नसावं. ती मागोमाग शिरली. बापाचे ओठ निळसर झाले होते. एका काखेत तिने हात घातला, दुसऱ्या काखेत रघुवीरने, आणि दोघांनी त्याला ओढत थेट गल्लीत आणलं.

"झोपवू नको. बसता ठेव," हूड फेकत ती म्हणाली. रंगाने भिजलेला त्याचा शर्ट तिने फाडून काढला, त्याच्या पँटच्या खिशातला दम्याचा पंप त्याच्या तोंडात धरला आणि दाबला. पुन्हा दाबला. वरच्या गॅलरीतल्या बायका नेहमीच्या शिव्या विसरून बघत होत्या. त्यांतली एक अनवाणीच खाली धावली आणि तिने रस्त्यात आडवं होऊन टॅक्सी थांबवली. रघुवीर पुढे बसला; परळच्या हॉस्पिटलपर्यंत सिल्वेस्टरचं डोकं प्रिसिलाच्या खांद्यावर होतं, आणि प्रत्येक सिग्नलला त्याची छाती आता हलणार की नाही, एवढंच ती बघत होती.

हॉस्पिटलात त्याला आत नेलं. दारं मिटली. बऱ्याच वेळाने एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली.

"श्वास आता जरा मोकळा होतोय. थोडा उशीर झाला असता तर हाताबाहेर गेलं असतं. आजची रात्र आयसीयूत ठेवू." तिने पेन काढलं. "रोज रंगात असतात का?"

"नाही. वर्षानुवर्षं पाऊल नव्हतं टाकलं," प्रिसिला म्हणाली.

"मग खोकला, दम, असं अलीकडे काही?"

प्रिसिला आठवत होती, तेवढ्यात मागे उभा असलेला रघुवीरच बोलला.

"गेल्या गणपतीपासून. संध्याकाळी खोकला सुटतो. रात्री छातीत शिट्टी वाजते. रविवारी बरं असतं, सोमवारी दुपारपासून परत चालू."

"काका, डॅडींना गणपतीत कुठे..."

डॉक्टरणीचं पेन थांबलं.

"उस्तादांचं नाय बोलत मी," रघुवीर जमिनीकडे बघत म्हणाला.

बोर्डावर न बघता फिरलेला त्याचा हात प्रिसिलाच्या डोळ्यांसमोर आला, आणि हुडाच्या काचेवरची ती पापडी.

"रोज बंद करायचास पंखा?"

"तू नसलीस की. शेवटच्या हाताला फक्त."

"आणि हूड?"

"त्यात दिसत नाय गं नीट."

"काका, मी कशासाठी केलं हे सगळं? का वागलास असं?"

रघुवीरने पहिल्यांदाच मान वर केली. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, असता तर तिला सोपं गेलं असतं.

"दाणा आला की तू चार लोकांसमोर बोलायचीस, बाय. पंखा बंद केला की गाडी आरशासारखी यायची. मग तू काय नाय बोलायचीस."

डॉक्टरणीने रघुवीरला बाकावर बसवलं, श्वासाचा जोर मोजायची एक नळी हातात दिली आणि जोरात फुंकर मारायला सांगितलं. त्याने मारली. आतला काटा जेमतेम हलला आणि त्याला खोकल्याची उबळ आली, ती थांबता थांबेना. तिने पुन्हा फुंकायला लावलं नाही. केस पेपर काढून आणा म्हणाली, आणि आजपासून रंग बंद.

खोकला ओसरल्यावर रघुवीरने डोळे पुसले.

"काळी गाडी अर्धी राहिलीय," तो म्हणाला. "उद्या कोण मारणार?"

"कोणीच नाही," प्रिसिला म्हणाली, आणि त्याच्या नावाचा केस पेपर काढायला खिडकीपाशी जाऊन रांगेत उभी राहिली.