परतीची पेटी

गाडी माझ्या पुतणीने मुद्दाम शोधून घेतली होती. फिरतं वाचनालय बंद पडल्यापासून ती कुठल्याशा आवारात गंजत उभी होती. त्या वाचनालयाचा ग्रंथपाल मी. उभी नोकरी ड्रायव्हरमागच्या खुर्चीत बसून केली. लोक पायऱ्या चढून आत यायचे, पुस्तकं बदलून न्यायचे. मला फारसं बोलावं लागायचं नाही, आणि तेच मला बरं वाटायचं.

आता पुतणीला त्या गाडीत घर करायचं होतं. वर्षभर एकटीने हिंडायचं, आतच झोपायचं, आतच स्वयंपाक. भिंतींना तिने नवं लाकूड ठोकलं, मागे पलंग केला, मधे ओटा. जुन्यापैकी एकच गोष्ट ठेवली, डाव्या बाजूची पुस्तकांची मांडणी.

"ही तुमच्यासाठी, काका. शब्द दिला."

मी नको नको म्हणालो, पण फार जोर लावून नाही. ती मांडणी गेली असती तर गाडीत वाचनालयाचं काहीच उरलं नसतं.

त्या दिवशी गॅस बसवायला फिटरबाई आल्या. खिशाखिशांची पॅन्ट, कानामागे पेन्सिल. त्यांनी गाडी वाकून, झोपून, खालून बघितली आणि हात पुसत म्हणाल्या, "ही मांडणी काढावी लागेल."

"का?" पुतणी म्हणाली.

"प्रोपेन हवेपेक्षा जड. गळला की पाण्यासारखा तळाला साचतो. म्हणून सिलिंडरला स्वतंत्र पेटी हवी. आतून पूर्ण बंद, दार फक्त बाहेरून, आणि तळाला भोक. गळलाच तर रस्त्यावर गळू दे, तुझ्या अंथरुणात नको. उजवीकडे खाली सायलेन्सर आहे, तिथे भोक पाडता येत नाही. मागे तुझा पलंग. उरली ही जागा."

पुतणीने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

"काढून टाक," मी म्हणालो. माझा आवाज मलाच पटला नाही.

"नाही. मी सिलिंडर ओट्याखाली ठेवते. खिडकी उघडी ठेवीन."

"ठेव," फिटरबाई म्हणाल्या. "मी जोडणार नाही. सुरक्षेच्या दाखल्यावर सही तर नाहीच नाही."

"मग मी जोडेन. व्हिडिओ असतात."

"असतात की. जे वाचले त्यांचे."

पुतणी ओठ घट्ट मिटून स्क्रू गोळा करू लागली. हा हट्ट आमच्या घराण्याचाच. माझ्या वाट्याला तेवढा आला नाही. पण ती बोलते ते करते, हे मला माहीत होतं. माझ्या चार फळ्यांपायी ती गॅस उशाशी घेऊन झोपली असती.

गाडीत आणखी एक जागा होती. ती फक्त मला ठाऊक होती.

ड्रायव्हरमागे, माझ्या खुर्चीच्या शेजारी, एक लोखंडी पेटी होती. बाहेरच्या पत्र्याला फट आणि फटीवर स्प्रिंगचं झाकण. ज्यांना आत यायचं नसे ते बाहेरूनच पुस्तक टाकून जात. मी आतल्या छोट्या दारातून ती काढून घेई. पुस्तकं धप्पकन पडत, आणि मला दर वेळी त्यांचीच कीव येई. एकाच वाचकाचं पुस्तक पडत नसे. झाकण कुरकुरायचं आणि पुढे काहीच नाही. कोणीतरी काखेपर्यंत हात आत घालून पुस्तक अलगद तळाला ठेवत असे. धप्प झालं तर मी मान वर करत नसे. शांतता झाली की करत असे. तोवर ती वळून चालू लागलेली असायची. खिडकीतून फक्त पाठ आणि वेणी दिसायची.

एकदा कुरकुर ऐकताच मी आतलं दार उघडलं आणि पुस्तक खालून धरलं. माझ्या हातून एवढं धाडस कसं झालं, मला अजून कळलेलं नाही. तिने पुस्तक सोडलं नाही. मीही नाही.

"पुस्तक हवंय ना तुम्हाला?" बाहेरून आवाज आला.

"हो," मी म्हणालो.

आमचं पहिलं बोलणं ते एवढंच. तेव्हा ती लाजाळू होती. लग्नानंतर सगळी कसर भरून काढली.

गाडीचं घर करताना पुतणीने या पेटीवर लाकूड ठोकलं, बाहेरचं झाकण रंगाखाली बुजवलं, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. तिला वाटलं, असेल काहीतरी जुनं. मी बोललो नाही. झाकली गेली तर कोणी तोडणार नाही, असा माझा हिशेब.

"पेटी आहे," मी म्हणालो.

कोणी ऐकलं नाही. हे माझ्या बाबतीत नेहमीचंच. मी पुन्हा म्हणालो, आणि लाकडावर बोट ठेवलं.

फिटरबाईंनी फळी उतरवली, पेटी ठोकून बघितली, खाली वाकून चेसिस बघितली. "जाड पत्रा. खाली मोकळं. काका, ही एवढे दिवस कुठे लपवली होतीत?"

"मी नाही. लाकूड हिने ठोकलं."

"आणि तुम्ही बघत बसलात."

"हो."

पुतणी त्या छोट्या दाराकडे बघत होती. "काका, काकू प्रत्येक लग्नात सांगते ती पेटी ही?"

"हीच."

"मग नको."

"पत्रा आहे गं तो," मी म्हणालो. "तुला झोप नीट लागायला हवी."

त्यानंतर कोणी वाद घातला नाही. आतलं दार वेल्डिंग करून कायमचं बंद केलं. ते चाललं होतं तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहिलो. बाहेरचा पत्रा कापून सिलिंडर जाईल एवढं दार केलं, आणि जुनं झाकण त्या दारातच राहू दिलं. तळाला भोक, सिलिंडरला पट्टा, तांब्याची नळी ओट्यापर्यंत. जिथे नळी पेटीतून आत येते तिथे रबर आणि सील. शेवटी फिटरबाईंनी साबणाचा फेस ब्रशने प्रत्येक सांध्यावर लावला. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. एकही बुडबुडा आला नाही.

तेवढ्यात बायको चहाची किटली घेऊन आली.

"शेवटची परीक्षा," फिटरबाई म्हणाल्या. "काका, तुम्ही आत बसा. काचा झाकते, दारं लावते. बाहेरून पेटीत बॅटरी ठेवायची. आत उजेडाचा कण जरी दिसला, तर गॅसलाही वाट आहे."

"द्या इकडे ती बॅटरी," बायको म्हणाली. "ते झाकण मला नवीन नाही."

दारं लागली. मी माझ्या जुन्या जागी बसलो. खुर्ची नव्हती, उपडी बादली होती. काळोखात रंगाचा, जळक्या लोखंडाचा वास. बाहेर फिटरबाई काहीतरी म्हणाल्या, पुतणी हसली.

मग झाकण कुरकुरलं. पुढे काहीच नाही.

मी मान वर केली.

"दिसतंय का काही?" पत्र्यापलीकडून बायकोचा आवाज आला.

जिथे दार होतं तिथे मी बघत राहिलो. काळोखच होता.

"नाही."

"नीट बघा. चष्मा लावलाय का?"

"लावलाय."

"मग झालं तर."

पण झाकण मिटल्याचा आवाज आला नाही. तिचा हात अजून आत होता. मी चाचपडत तळवा पत्र्यावर टेकला. वेल्डिंगची कड खरखरीत होती, अजून थोडी कोमट.

तिने हात काढला नाही. मीही नाही.