सुएनो आजी मजेत आहेत

मंगळवार हा काझुयोचा वार. डोंगरावरच्या एकट्या म्हाताऱ्यांकडे जाऊन त्यांची विचारपूस करायची, हे काम ती गावासाठी बारा वर्षं करत होती. गेल्या वसंतात कचेरीने अशा प्रत्येक घरी एक बोलकं यंत्र बसवलं आणि तिला सांगितलं, आता पायपीट बंद. अडुसष्टाव्या वर्षी चढण चढून ती थकली होतीच. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं, आणि पुढे त्याचीच तिला लाज वाटणार होती.

थंडीतल्या एका सकाळी ती सुएनो आजींकडे गेली ती वाळवलेली पर्सिमनची फळं द्यायला. लोणच्यासाठी टांगलेले मुळे दहिवरात तसेच लोंबत होते. आजी मुळे रात्री बाहेर राहू देत नसत. काझुयो जोडे न काढताच आत धावली.

आजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं, अंगावर कशीबशी ओढून घेतलेली रजई. काझुयो फोन लावते न लावते तोच फडताळावरच्या पिकोने, कचेरीच्या त्या बोलक्या यंत्राने, गोल मान हलवली. सकाळचे नऊ वाजले होते.

"सुएनो आजी, आज तब्येत कशी आहे?"

"मजेत आहे हो, तुमच्या कृपेने," आजी जमिनीवरूनच म्हणाल्या.

पिकोने आनंदाची शीळ वाजवली. नागोयातल्या मुलाला निरोप गेला : मजेत. आजी परवा पडल्या होत्या, तेव्हापासूनचा हा तिसरा.

इस्पितळात काझुयोने विचारलं, "आजी, त्या यंत्राला सांगायचं नाही का हो?"

"इतक्या अदबीनं विचारतं ते. त्याला काय रडगाणं ऐकवायचं? कात्सुहिरोला उगाच काम सोडून यावं लागलं असतं."

मुलगा कात्सुहिरो शेजारीच उभा होता. तो पुन्हा पुन्हा फोनवरचे ते तीन निरोप दाखवत होता. "मी रोज बघत होतो," तो म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. काझुयोला त्याचा राग येईना, आणि त्याचाच तिला जास्त शीण आला.

न्यूमोनिया होऊन अकराव्या दिवशी आजी गेल्या.

कचेरीतला ओकुमुरा कागद घेऊन आला. यंत्राने वेळेवर विचारलं होतं, आजींनीच सांगितलं नाही, एवढ्यावर काझुयोची सही हवी होती. पुढच्या यंत्राला कोणी पडल्याचंही कळेल, असं तो मऊपणे सांगत होता.

"विचारलं, हे खरं," काझुयो म्हणाली. "पण परक्यानं विचारलं की आपण मजेतच असतो, ओकुमुरासान. तुमची आई काय सांगते?"

तिने सही केली नाही. कोणाची मनाई असो वा नसो, मंगळवारी आपण जाणार, हेही सांगून टाकलं.

आपल्या माणसांची विचारपूस आपण कोणावर सोपवली आहे, हे ज्याने त्याने आपापल्या घरी बसून पाहावं.

पुढच्या मंगळवारी, गुडघे कुरकुरत असताना, ती गेन्झो आजोबांच्या दारात पोचली.

"कसं काय, आजोबा?"

"मजेत," आजोबा म्हणाले.

"बरं," म्हणत तिने जोडे काढले आणि ती बसली. पहिला चहा झाला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. दुसरा पेला निम्मा झाला तेव्हा आजोबा हळूच म्हणाले, पंधरा दिवस झाले, उजव्या हाताने सदऱ्याची बटणं लागत नाहीत.